कमी पैशात जुना सेमी ट्रक: कोणता घ्यावा, की घेऊच नये?

अठराचाकी

राम राम मंडळी,

इतकी वर्षं इथे नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

ओहायोत राहतो. आधी दहा वर्षं ऑफिसात खुर्ची झिजवली, मग सहा वर्षं कंपनीचा ट्रक चालवला. क्लास ए परवाना आहे, अपघात शून्य, दंडाची एकच पावती (तीही ट्रेलरचा दिवा गेला म्हणून). दुसऱ्याची गाडी हाकून आता कंटाळलो. स्वतःची घ्यायची आहे.

जमवलेले पैसे ३२ हजार डॉलर. कर्ज काढणार नाही असा घरी शब्द दिलाय. तीन गाड्या नजरेत आहेत.

पहिली २०१४ ची, स्लीपर (मागे झोपायला पलंग असलेली), ७ लाख २० हजार मैल, किंमत २१,५००. मालकाच्या दोनच गाड्या, त्यातली एक काढतोय. म्हणतो, डीओटी इन्स्पेक्शन (परिवहन खात्याच्या नियमाची वार्षिक तपासणी) परवाच झालंय, चावी फिरवा आणि निघा.

दुसरी २०१८ ची, स्लीपर, मोठ्या फ्लीटमधून निघालेली, ५ लाख ४० हजार मैल, ३०,०००.

तिसरी १९९८ ची, स्लीपर, लांब नाकाची, इंजिन बांधलेलं आहे म्हणतात, १७,०००. ईएलडी (चालवल्याचे तास आपोआप नोंदणारं यंत्र) लागत नाही हे एक. आणि दिसते कशी म्हणून सांगू... जाऊ दे.

मन तिसरीवर, डोकं दुसरीवर, खिसा पहिलीवर. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामटेकडा

सेमी म्हणजे अर्धा ना? मग उरलेला अर्धा ट्रक कुणाकडे असतो?

हिशोबनीस

बँकेकडे.

जुनंतेसोनं

डोळे मिटून तिसरी घ्या. २००० च्या आधीचं इंजिन म्हणजे ना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), ना धूर साफ करायच्या युरियाची टाकी, ना दर महिन्याला पेटणारे पिवळे दिवे. बिघडलं तर रस्त्याच्या कडेला बसून माणूस दुरुस्त करू शकतो. आताच्या गाड्यांना आधी लॅपटॉप लावतात आणि तो काय बोलतो याची वाट बघत बसतात. ईएलडीचा नियम डिसेंबर २०१७ मध्ये आला तेव्हा २००० च्या आधीची इंजिनं त्यातून वगळली, ती उगाच नाही.

पाना_पक्कड

अठराचाकी, मी बावीस वर्षं डिझेल मेकॅनिक आहे. तुमच्या तिन्ही ओळींत मला जे वाचायचं होतं तेच नाही. मैल लिहिलेत, इंजिनाचे तास कुठे आहेत?

मैल हा चाकांचा हिशोब. इंजिन त्याहून कितीतरी जास्त चालतं. स्लीपरमध्ये ड्रायव्हर रात्रभर एसी किंवा हीटर लावून झोपतो, गाडी जागची हलत नाही, पण पिस्टन वरखाली होतच असतात. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून रिपोर्ट काढता येतो. त्यात एकूण तास, उभ्याने चाललेले तास, जळलेलं डिझेल, जुने फॉल्ट कोड असं सगळं येतं. मैलांना तासांनी भागा. उत्तर ४५ ते ५० च्या घरात आलं तर गाडी हायवेवर धावलेली आहे. ३५ च्या खाली आलं तर ती पार्किंगमध्ये म्हातारी झालेली आहे.

उभ्याने चाललेलं इंजिन आणखी एका कारणाने वाईट. एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, त्यामुळे डीपीएफमधली काजळी आपली आपण जळत नाही, साठत जाते. मग गाडी पुन्हापुन्हा रीजन, म्हणजे ती काजळी मुद्दाम जाळणं, मागते. काजळी जळाली तरी मागे राख उरतेच, ती फिल्टर काढून साफ करावी लागते. ती शेवटची कधी केली याची पावती मागा. पावती नसेल तर केलेलीच नाही असं धरून चाला.

आता डीओटी इन्स्पेक्शन. मालक खोटं बोलत नसेल. पण वर्षाच्या त्या तपासणीत ब्रेक, टायर, दिवे, स्टेअरिंग, सस्पेन्शन, जोडणी हे बघतात. पुढच्या टायरला ४/३२ इंच नक्षी, बाकीच्यांना २/३२, असली मापं. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते कुणी बघत नाही. ती तपासणी पास झालेल्या गाडीचं हेड गॅस्केट दुसऱ्या दिवशी गेलेलं मी पाहिलंय.

शंकेखोर

मैल भागिले तास! हे आपल्याला सुचलं कसं नाही? माझा ट्रकशी संबंध इतकाच की घरात येणारी प्रत्येक वस्तू त्यातून येते, तरी वाचनखूण साठवली.

एक बाळबोध शंका. अठरा चाकांच्या गाडीत ‘फिफ्थ व्हील’ म्हणजे नेमकं कुठलं?

रात्रपाळी

ते रस्त्यावर चालणारं चाकच नव्हे. ट्रॅक्टरच्या पाठीवर ग्रीस थापलेली जी मोठी पाटी असते, जिच्यात ट्रेलरचा किंगपिन अडकतो, ती. घोडागाडीच्या काळात पुढची धुरा वळावी म्हणून चार चाकांच्या वर एक आडवं चाक बसवत, तिथून ते नाव आलंय. आणि रिकामटेकड्या, अर्धा ट्रेलर असतो, ट्रक नाही. त्याला पुढे चाकं नसतात, पुढचं निम्मं ओझं तो ट्रॅक्टरच्या पाठीवर टाकतो. म्हणून सेमीट्रेलर.

रिकामटेकडा

म्हणजे आमच्या ऑफिसातले निम्मे लोक सेमीट्रेलर आहेत.

दूरचीवाट

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

मी आणि नवरा अकरा वर्षं आळीपाळीने गाडी चालवतोय, त्यातली सात स्वतःची. पाना_पक्कड दादांना पूर्ण अनुमोदन. माझ्याकडून दोन गोष्टी, ज्या पुरुष मंडळी कधी बघत नाहीत.

स्लीपरची गादी उचलून खालची फळी हाताने चाचपायची. छतावरचे दिवे आणि अँटेना जिथे बसवलेत तिथून पाणी झिरपतं आणि गादीखाली मुरतं. आमच्या पहिल्या गाडीत गादी नवी कोरी होती. किती काळजीने ठेवलीय म्हणून मी खूश झाले. खाली काळी बुरशी, आणि त्याच्याही खाली वायरिंगचा जुडगा हिरवा पडलेला. पुढचं वर्षभर कधी एक दिवा जायचा, कधी दुसरा. मेकॅनिकला कारण सापडेना, कारण तो इंजिनाजवळ शोधत होता आणि दुखणं माझ्या उशीखाली होतं.

दुसरं, ओहायो म्हणजे मीठ. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते चेसिसच्या दोन थरांमध्ये जाऊन बसतं. दुहेरी चेसिस असेल तर गंज आतून फुगतो आणि पट्ट्या एकमेकींपासून सुटायला लागतात. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. वरून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्तच संशय घ्या.

हिशोबनीस

धागाकर्त्यांनी ३२ हजार म्हटलं की सगळे ३२ हजारांची गाडी शोधायला लागतात. जरा पाटी-पेन्सिल घेऊ.

स्वतःच्या अधिकारावर, म्हणजे स्वतःचा एमसी (मोटर कॅरिअर) नंबर घेऊन धंदा करणार असाल तर: एफएमसीएसएची (ट्रक वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याची) फी ३०० डॉलर. जड वाहनाचा वार्षिक कर, फॉर्म २२९०, ७५ हजार पौंडांच्या वर वजन असेल तर ५५० डॉलर. तो भरल्याची पोच दाखवल्याशिवाय नंबर प्लेट देत नाहीत. अनेक राज्यांत फिरायची प्लेट म्हणजे आयआरपी, तिचे दीड-दोन हजार धरा. इंधनकराचा हिशोब, इफ्टा, दर तीन महिन्यांनी. एकटेच असलात तरी ड्रग टेस्टिंगच्या कन्सॉर्टियममध्ये नाव घालावं लागतं. आणि विमा. कायद्याने किमान साडेसात लाखांची लायबिलिटी लागते, पण ब्रोकर दहा लाखांखाली बोलत नाहीत. वर मालाचा विमा वेगळा. नव्या माणसाला पहिल्या वर्षी हप्ता ऐकून घेरी येते. माझ्या एका अशिलाला गेल्या वर्षी १६ हजार सांगितले, त्यातले चार आधी भरायचे होते.

यात डिझेल नाही. पहिल्या भाड्याचे पैसे हातात यायला तीस-चाळीस दिवस सहज जातात, तोवरचं डिझेल खिशातून.

म्हणजे दुसरी गाडी ३०,००० ला घेतलीत तर दोन हजारांत हे सगळं बसवायचंय. बसत नाही.

अठराचाकी

हिशोबनीस, घेरी आली. स्वतःच्या एमसी नंबरवर लगेच जायचं नाही, सुरुवातीला एखाद्या कॅरिअरकडे (वाहतूक कंपनीकडे) गाडी लावणार, हे लिहायला विसरलो.

पाना_पक्कड काका, दोन्ही रिपोर्ट मागवले. दुसरीचा अर्ध्या तासात ईमेलने आला: ११,८०० तास. पहिलीचा मालक म्हणाला, "रिपोर्ट कशाला, गाडी बघा ना!" आग्रह केल्यावर डॅशबोर्डचा फोटो पाठवला: २१,००० तास.

शंकेखोर

पहिली ३४, दुसरी ४६. (मला भागाकार येतो हे दाखवायची संधी या वयात फार कमी मिळते.)

अनुस्वार

चर्चा उत्तम. फक्त ‘लांब नाकाची’ आणि ‘लांब नाकाचा’ यातलं काय ते एकदा ठरवा. ट्रक पुल्लिंगी, गाडी स्त्रीलिंगी, आणि शीर्षकातला ट्रक धाग्यात गाडी झालाय.

जुनंतेसोनं

अहो, तिलाच विचारा, ती सांगेल.

माझ्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून पुन्हा: जुन्या यांत्रिक इंजिनाला...

पाना_पक्कड

बोलतो. १९९८ च्या गाडीचं इंजिन यांत्रिक नसतं हो. तोवर मोठ्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलेलं होतं. डीपीएफ नसतो इतकंच खरं. तो २००७ च्या ईपीए (पर्यावरण खात्याच्या) नियमांनी आला आणि युरियाची यंत्रणा २०१० च्या नियमांनी. तुमचा मुद्दा निम्मा बरोबर आहे, ते इंजिन सोपं आहे, मलाही त्यावर काम करायला आवडतं. पण ‘इंजिन बांधलंय’ म्हणजे काय केलंय? आठ वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या गॅरेजात रिंगा बदलल्या तरी लोक बांधलंय म्हणतात. लायनर, पिस्टन, बेअरिंग, हेड यांच्या पार्ट नंबरसकट पावत्या असतील तरच ते बांधलेलं. शिवाय कॅलिफोर्नियाचं दार बंद. २०२३ पासून तिथे २०१० किंवा नंतरच्याच इंजिनाला प्रवेश. आणि कॅरिअरकडे लावायची म्हणताय, तर आधी त्यांना विचारा किती जुनी गाडी चालते. बरेच जण पाव शतकाहून जुनी गाडी फाटकातून आत घेणार नाहीत.

ईएलडीबद्दल एक. सूट इंजिनाच्या वर्षावर आहे. आणि सूट असली तरी कागदी लॉग लिहावाच लागतो, गाडी चालवायची अकरा तासांची मर्यादा तुम्हालाही तीच.

जुनंतेसोनं

मान्य. पण दिसते कशी!

अठराचाकी

तेच तर दुःख आहे.

हायवेवारकरी

पैसे कमी आहेत तर लीज-पर्चेस का नाही बघत? एक कंपनी आमच्याकडे शून्य डाऊन पेमेंटवर नवी गाडी देतेय. आठवड्याला हप्ता कापतात, तीन वर्षांनी गाडी आपली.

रात्रपाळी

नको. नको. नको.

मी त्यातून गेलोय. नाव घेत नाही. गाडीही त्यांची, भाडं देणारेही तेच. ज्या आठवड्यात मला घरी जायचं असायचं त्या आठवड्यात हप्ता तोच आणि मैल निम्मे. एका आठवड्याच्या पगाराची चिठ्ठी मी अजून जपून ठेवलीय. एकूण देय: उणे ४१ डॉलर. म्हणजे सहा दिवस गाडी चालवून मी कंपनीचं देणं लागत होतो. २६ व्या महिन्यात टर्बो गेला, दुरुस्ती माझ्या माथी, हप्ता चुकला, गाडी परत घेतली. पुढच्याच आठवड्यात त्याच गाडीत दुसरा पोरगा बसलेला पाहिला.

एफएमसीएसएने या विषयावर नेमलेल्या गटाने जानेवारी २०२५ मध्ये अशा योजना बंदच करा अशी शिफारस केली. तिचं पुढे काय व्हायचं ते होवो, तुम्ही लांब राहा.

आता धागाकर्त्यांना एक प्रश्न, जो इतक्या प्रतिसादांत कुणी विचारला नाही. तिन्ही गाड्या स्लीपर का? तुम्ही रात्री झोपणार कुठे?

अठराचाकी

म्हणजे? सहा वर्षं स्लीपरच चालवलाय, म्हणून. बाकी कारण... विचार केला नव्हता.

खरं सांगायचं तर स्वतःची गाडी हवीय ती घरी जास्त राहता यावं म्हणून. मुलगी सातवीत गेली. तिची पाचवी आणि सहावी मी फोनवर पाहिली.

रात्रपाळी

मग डे कॅब बघा ना. मागे पलंग नाही म्हणून जुन्या बाजारात स्वस्त मिळते. रात्रभर इंजिन चालू ठेवून कुणी त्यात झोपलेलं नसतं. दीडशे-दोनशे मैलांच्या पट्ट्यात काम करणारे कॅरिअर ओहायोत ढिगाने आहेत. मैलाला पैसे चांगले, मैल कमी, जेवायला घरी.

पाना_पक्कड

सूचना उत्तम, पण एकदम हुरळून जाऊ नका. डे कॅबची दुखणी वेगळी. शहरात दिवसातून दहा वेळा मागे घेणं, गोदामाच्या दाराशी लावणं, सिग्नलला थांबणं. क्लच, ब्रेक ड्रम, किंगपिनचे (ट्रेलरच्या नव्हे, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या) बुश आणि स्टेअरिंगचे जोड तिथे झिजतात. पुढची चाकं जॅकवर उचलून वर-खाली हलवून बघा, खडखड आली तर किंगपिनचं काम आहे.

मागे दोन ॲक्सल आहेत ना तेही बघा. फ्लीटच्या बऱ्याच डे कॅब एकाच ॲक्सलच्या असतात. वजनाची मर्यादा पुढे १२, ट्रॅक्टरच्या जोडीवर ३४, ट्रेलरच्या जोडीवर ३४ मिळून ८० हजार पौंड होतात. एक ॲक्सल कमी म्हणजे तिथे २० वरच थांबायचं, आणि तितकी भाडी हातची गेली.

इंजिनाच्या नावावरून भांडणं सुरू व्हायच्या आत सांगतो, त्याच मॉडेलची एक गाडी बारा लाख मैल जाते, दुसरी सहा लाखांत पसरते. फरक ऑइल कुणी वेळेवर बदललं यात असतो. एक अपवाद माहीत असू द्या. २०१० च्या नियमांसाठी नॅविस्टार या ट्रक कंपनीने युरियाची वाट न धरता नुसत्या ईजीआरवर (थोडा धूर परत इंजिनात फिरवण्यावर) भिस्त ठेवली, आणि २०१२ मध्ये तो नाद सोडून कमिन्सची युरियाची यंत्रणा घेतली. मधल्या वर्षांतली त्यांच्या मॅक्सफोर्स १३ इंजिनाची गाडी फार स्वस्त दिसेल. का स्वस्त आहे ते यात आलं.

कुठलीही गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना सुरू करून बघा. आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा, माझ्या आधी चावी लावू नका. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. जरासं थरथरलं तर हरकत नाही. नाचून खाली पडलं तर रिंगांतून हवा खाली येतेय. कूलंटच्या टाकीत बुडबुडे बघा, वास घ्या. शेवटी ऑइलचा नमुना लॅबला पाठवा, तीस-चाळीस डॉलर. सोडियम-पोटॅशियम वाढलेलं असेल तर कूलंट ऑइलमध्ये जातंय, सिलिकॉन म्हणजे धूळ, शिसं-तांबं म्हणजे बेअरिंग. डॉक्टर रक्त तपासतो तसंच.

हायवेवारकरी

आणि डीपीएफ-युरिया सगळं काढून टाकून गाडी ‘डिलीट’ करून घेतली तर? आमच्याकडे एक जण दोन दिवसांत करून देतो.

पाना_पक्कड

क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे. करणाराही अडकतो, करून घेणाराही. जुन्या बाजारात अशी केलेली गाडी चुकून घेतलीत तर ते सगळे भाग परत बसवायला पाच आकडी रक्कम लागेल. उलट घेताना तपासा: एक्झॉस्टचा डबा जागेवर आहे, पण आत जाळी आहे का? आतून नुसता पाइप जोडलेला मी पाहिलाय.

अठराचाकी

आज सकाळची हकिकत.

२०१४ ची गाडी एकदा बघून तरी यावी म्हटलं, खिसा ऐकत नव्हता. आठची वेळ होती, मी सव्वासातला पोचलो. मालक गाडी लावतो त्या आवारात सगळ्यांच्या मिळून सात-आठ गाड्या ओळीने उभ्या, रात्री थंडी पडलेली. सगळ्यांच्या बॉनेटवर दहिवर, पांढरंशुभ्र. एकीच्या नाही. तिच्या बॉनेटवरून पाणी ओघळत होतं.

मालक हसत आला, म्हणाला, आत्ताच आणून लावलीय. मी बॉनेट उघडून हात ठेवला. ऊबदार नाही, चांगलं तापलेलं होतं. कूलंटची टाकी बघितली, कडेला तपकिरी साय धरलेली. झाकण उलटं ठेवून बघायची गरजच वाटली नाही. चहा घेऊन जा म्हणाला, नको म्हटलं.

येताना सत्तर मैल गाडीत मनातल्या मनात हिशोब करत होतो, हा धागा काढला नसता तर आज सही केली असती का. केली असती.

दूरचीवाट

दहिवराचं आवडलं. आमच्या टिपांत घातलं.

शंकेखोर

धागाकर्ते, वहिनींना हा धागा माहीत आहे का?

अठराचाकी

तिनेच काढायला लावला. "मला विचारू नकोस, ज्यांना कळतं त्यांना विचार," म्हणाली.

हिशोबनीस

मग वहिनींनाच फायनान्स मॅनेजर नेमा.

कॅरिअरकडे गाडी लावणार म्हणताय, तर त्यांच्या करारात तीन गोष्टी वाचा. विम्यातलं काय त्यांच्याकडे आणि काय तुमच्याकडे. भाड्याची मूळ पावती तुम्हाला दाखवतात का, टक्केवारीवर असाल तर ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. आणि एस्क्रो, म्हणजे ते तुमची अनामत धरून ठेवतात ती. करार संपल्यावर ४५ दिवसांत परत द्यायची असं नियमात आहे. सही करण्याआधी एफएमसीएसएच्या संकेतस्थळावर त्यांचा डीओटी नंबर टाका, किती गाड्या तपासणीत रस्त्यावरून उतरवल्या ते प्रमाण तिथे दिसतं.

गाडी घेताना टायटलवर (मालकीच्या कागदावर) कुणाचा बोजा आहे का तेही बघा. टायटल "पोस्टाने येईल" म्हणणाऱ्याला चेकही पोस्टाने येईल म्हणून सांगा.

रिकामटेकडा

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

अठराचाकी

तीन आठवडे झाले, अपडेट द्यायचं राहिलं.

एका किराणा मालाच्या वितरकाच्या फ्लीटमधून निघालेली २०१७ ची डे कॅब बघितली. ४ लाख १० हजार मैल, ९,९०० तास, मागे दोन ॲक्सल. १८,५०० मागत होते. त्यांच्याकडे प्रत्येक ऑइल बदलाची नोंद होती, डीपीएफ साफ केल्याच्या दोन पावत्या होत्या. थंड इंजिन माझ्यासमोर सुरू केलं. झाकण जागच्या जागी थरथरलं, पडलं नाही. लॅबचा रिपोर्ट आला, लोह किंचित जास्त, बाकी ठीक.

दोष: मागच्या आठांपैकी चार टायर एका वर्षाच्या आत बदलावे लागतील (कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचले, २०१९ चा तेविसावा आठवडा), डाव्या किंगपिनला थोडी ढिलाई, ड्रायव्हरच्या सीटचा स्पंज गेलेला. टायर आणि किंगपिनचा अंदाज कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवला. १६,८०० ला दिली.

साडेनऊ हजार वेगळ्या खात्यात टाकलेत. त्या खात्याचं कार्ड बायकोकडे आहे.

दूरचीवाट

अभिनंदन! सीट आधी बदला. बाकी सगळं थांबेल, कंबर थांबणार नाही.

जुनंतेसोनं

अभिनंदन. त्या लांब नाकाचं काय झालं? म्हणजे अजून विकायची आहे का? मित्रासाठी विचारतोय.

अनुस्वार

‘लांब नाकाच्या’ गाडीचं. अभिनंदन.

पाना_पक्कड

चांगली घेतलीत. ९,९०० तासांत ४१ येतात, डे कॅबला ते बरंच म्हणायचं.

एक राहिलं. एअर ड्रायरचं कार्ट्रिज कधी बदललंय? त्या पावत्यांत आहे का? हिवाळा येतोय, ते जुनं असलं की हवेच्या टाकीत पाणी साठतं आणि पहिल्या कडाक्यात ब्रेकच्या नळ्या गोठतात. टाकीखालची कडी ओढून बघा काय निघतं.

अठराचाकी

आत्ता ओढून आलो. आधी हवा, मग वाटीभर पिवळट पाणी, त्यात ऑइलचा तवंग.

पाना_पक्कड

तवंग किती? रंग दिसण्यापुरता, की बोटाला चिकटतो?

अठराचाकी

थांबा, परत जाऊन बघतो.